आम्ही हेलिकॉप्टर उडवितों

मनुष्यानें कोणत्या वयांत काय शिकावें, याविषयीं आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु सत्तरी उलटलेल्या, पेन्शनीवर निर्वाह करणाऱ्या आणि तोंडांतील निम्मे दांत दंतवैद्याच्या कृपेनें मिरविणाऱ्या गृहस्थानें हेलिकॉप्टर उडवावयास शिकावें कीं नाहीं, याचा निर्णय त्यांच्या ग्रंथांत कोठें आढळत नाहीं. आमच्या घरच्या मंडळींनीं मात्र तो तत्काळ देऊन टाकिला. "आतां एवढेंच राहिलें होतें," असें आमचें कुटुंब म्हणालें. वडील बंधूंनीं वर्तमानपत्राच्या आडून आमच्याकडे एकदां पाहिलें आणि पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घातलें. वहिनींनीं तेवढी आमची बाजू घेतली. पण त्यांचें म्हणणें असें कीं, भाऊजी रानांत हेलिकॉप्टर उडवीत असले म्हणजे निदान स्वयंपाकघरांत येऊन आमटींत मीठ किती पडलें याची चौकशी तरी करणार नाहींत!

वाचकांचा गैरसमज होऊं नये म्हणून प्रथमच सांगतों कीं, ज्या हेलिकॉप्टरविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत आम्हांस बसावयाचें नव्हतें. तें एक मॉडेल आहे. नाकापासून शेपटीपर्यंत दोन फुटांहून थोडें अधिक लांब, बॅटरीसह एक किलोच्या आंत वजन, डोक्यावर दोन लांब पातीं आणि शेपटीच्या टोकाशीं एक लहानसा पंखा, असें त्याचें रूप. उडविणारानें जमिनीवर उभें राहून हातांतील रिमोटनें तें उडवावयाचें. ऐकावयास हा पोरखेळ वाटतो. आम्हांसहि प्रथम तसाच वाटला होता.

आमचा वाडा वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर आहे. तिघां भावांचा संसार अजून एका चुलीवर, म्हणजे आतां एका गॅसवर, चालतो; आणि उन्हाळ्याच्या सुटींत लेकी, सुना, नातवंडें जमलीं म्हणजे पानांची संख्या विसाच्या पुढें जाते. आमचे चिरंजीव मात्र पुण्यास वेगळे राहतात. त्यांचें आणि आमचें भांडण असें नाहीं. पण गेलीं वीस-बावीस वर्षें आमचें संभाषण प्रकृति, पाऊस आणि एस. टी.च्या वेळा या तीन विषयांपलीकडे सहसा गेलेलें नाहीं. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा चौदा वर्षांचा नातू, दर सुटीला वाड्यांत येतो. गेल्या उन्हाळ्यांत तो आला तो बगलेंत एक लांबट पेटी घेऊनच.

आम्हीं सदतीस वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलें. त्यामुळें पेटी उघडतांच आंतील यंत्राचें सगळें मर्म आपणांस कळलें, असें आम्हांस वाटलें. आणि पडवींत जमलेल्या मंडळींस आम्हीं तें समजावूनहि दिलें. डोक्यावरील पातीं हवा खालीं ढकलतात म्हणून यंत्र वर चढतें. वरून पाहिलें असतां हीं पातीं घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतात. म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमानें यंत्राचें धड उलट दिशेस फिरूं पाहतें. तें फिरूं नये म्हणून शेपटीला पंखा. पण हा पंखा शेपटीला डावीकडे लोटतो, तेव्हां सबंध यंत्रच डावीकडे सरकूं लागतें. म्हणून त्याला किंचित् उजवीकडे कलतें ठेवावें लागतें. अर्थात् हवेंत अगदीं सरळ उभें आहे असें जें हेलिकॉप्टर आपणांस दिसतें, तें वस्तुतः थोडें वांकडें उभें असतें. पात्यांची गति जवळजवळ एकसारखी राहते. चढण्या-उतरण्यासाठीं त्यांचा कोन तेवढा बदलावयाचा. रिमोटवर दोन दांड्या असतात. डावीनें वर-खालीं जाणें व नाक वळविणें, उजवीनें पुढें-मागें आणि डावी-उजवीकडे कलणें. एवढें झालें कीं विद्या संपली! पात्यांचा व्यास सुमारें ७० सेंटिमीटर आणि मिनिटास २५०० फेरे धरले, तर पात्याचें टोक ताशीं सुमारें ३३० किलोमीटर वेगानें जातें, हें उदाहरणहि आम्हीं तेथल्या तेथें सोडवून दाखविलें.

नातवानें सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि तो म्हणाला, "म्हणूनच आजोबा, पहिल्यांदा शिकायचें तें लांब उभें राहायला."

आमच्या गणिताचा हेलिकॉप्टरच्या कामीं झालेला उपयोग येथें संपला. वाड्याच्या चौकांत तें उडवावें अशी घरांतील बाळगोपाळांची फार इच्छा होती. पण नातवानें तें साफ नाकारिलें. जें पातें काकडी चिरतें तें बोटहि चिरतें, असें तो म्हणाला. प्रत्यक्ष हेलिकॉप्टर तर त्यानें आमच्या हातीं पंधरा दिवस दिलेंच नाहीं. संगणकावर सिम्युलेटर नांवाची एक सोय असते; तिच्या पडद्यावर खोटें हेलिकॉप्टर उडतें, पण रिमोट खराच हातांत असतो. तेथें आम्हांस बसविण्यांत आलें. पहिल्या दिवशीं आम्हीं किती हेलिकॉप्टरें जमीनदोस्त केलीं त्याची मोजदाद धाकट्या पुतणीच्या मुलीनें ठेविली होती. चाळिसाच्या पुढें तिला आंकडे येत नव्हते, म्हणून ती तेथें थांबली.

विमान आणि हेलिकॉप्टर यांत एक मोठा भेद आहे. चांगलें बांधलेलें विमान हात सोडला तरी कांहीं वेळ आपल्या वाटेनें जातें. हेलिकॉप्टरचा हात सोडला कीं तें कोणत्या ना कोणत्या बाजूस घसरतें. आणि एकदां घसरूं लागलें कीं अधिकच घसरतें. उपडें ताट हातांत धरून त्यावर गोटी ठेवावी आणि ती पडूं देऊं नये, तशांतला हा प्रकार. आपोआप तोल सांभाळणारीं मॉडेलेंहि आतां मिळतात; पण आमच्या नातवाचें तसलें नव्हे. त्यांतील जायरो फक्त शेपटी सांभाळतो. बाकी सगळें उडविणाराच्या बोटांवर. हवेंत एका जागीं स्थिर राहिलेलें हेलिकॉप्टर पाहून आपणांस वाटतें कीं, तें कांहींच करीत नाहीं आणि उडविणाराहि कांहीं करीत नाहीं. वस्तुतः त्याचीं बोटें क्षणभरहि थांबलेलीं नसतात. तोल गेल्यावर सांवरणें उपयोगाचें नाहीं. तो जावयाच्या आधीं, आणि तेंहि अगदीं थोडें, सांवरावें लागतें. आमचा हात शिक्षकाचा. चूक पुरती झाली म्हणजे तांबड्या शाईची मोठी फुली मारावयाची, ही त्याला संवय. त्या फुलीनें पडद्यावरील हेलिकॉप्टर दर वेळीं दुसऱ्या बाजूस जाऊन आपटे.

पंधरा दिवसांनीं आम्हांस रानांत नेण्यांत आलें. ज्यांना हा नाद करावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी येथें सांगून ठेवितों. पहिली कायद्याची. २०२१ सालच्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंत वजनाच्या आणि शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं नजरेच्या टप्प्यांतच उडविलेल्या मॉडेलांची निराळी गणना केली आहे. तथापि आकाशाचा नकाशा लाल, पिवळा व हिरवा अशा भागांत वांटलेला आहे, आणि तो पाहिल्यावांचून कोठेंहि उडवूं नये. हा नकाशा बदलत असतो, म्हणून एकदां पाहिला एवढ्यानें भागत नाहीं. दुसरी गोष्ट बॅटरीची. ही लिथियम-पॉलिमर जातीची असते. ती फुगली, आपटली किंवा वाजवीपेक्षां अधिक भरली, तर पेट घेते. ती भरत असतां तिच्यापासून कोणीं हलूं नये. आमच्याकडे ती अंगणांतील धोंड्यावर ठेवून भरली जाई आणि वहिनी तुळशीजवळच्या पायरीवर बसून, दुधावर ठेवावें तसें तिच्यावर लक्ष ठेवीत. इतक्या बंदोबस्तानें भरलेली बॅटरी हवेंत पांच-सहा मिनिटें पुरते. ती पुरती रिकामी होऊं देणेंहि वाईट. म्हणून रिमोटमधील गजर वाजला कीं मुकाट्यानें खालीं उतरावें.

मेणवलीच्या वाटेवर आमच्या एका स्नेह्यांचें रान आहे. हळद काढून तें मोकळें झालें होतें. पांडवगडावर ऊन येण्याच्या सुमारास, वारा उठण्यापूर्वीं, आम्ही दोघे तेथें जात असूं. नातवानें हेलिकॉप्टरच्या खालीं दोन काड्यांची फुली बांधून तिच्या चार टोकांस टेबल-टेनिसचे चार चेंडू अडकविले होते. हेतु असा कीं, तें कलतें उतरलें तरी लवंडूं नये. त्या चेंडूंमुळें रानांतून जाणाऱ्या गड्यांची चांगलीच करमणूक होई.

येथें आमची पहिली समजूत चुकीची ठरली. जमिनीलगत राहणें म्हणजे सुरक्षित राहणें, असें आम्हांस वाटे. म्हणून आम्ही हेलिकॉप्टर वीतभर उचलून तेवढ्यावरच ठेवूं पाहत असूं. तें तेथें पिसाळल्यासारखें इकडे-तिकडे नाचे. नातवानें सांगितलें कीं, पात्यांनीं खालीं ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत येते आणि त्या गोंधळांत यंत्र डळमळतें. छातीइतकें उंच न्या, तेथें तें शहाण्यासारखें वागेल. आम्हीं भीत भीत नेलें, आणि तें खरोखरच शहाण्यासारखें वागलें.

या शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम शेपटी आपल्याकडे आणि नाक समोर. अशा वेळीं यंत्राचें डावें तेंच आपलें डावें आणि त्याचें पुढें तेंच आपलें पुढें. दहा-बारा दिवसांत आम्हांस एक बॅटरीभर तें असें स्थिर ठेवितां येऊं लागलें. घरीं येऊन आम्हीं बंधूंस ही वार्ता सांगितली, तेव्हां त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें, यावरून तिचें महत्त्व वाचकांनीं ओळखावें. मग यंत्र आडवें धरावयाचें. हेंहि कष्टानें जमलें. तिसरी पायरी नाक आपल्याकडे करण्याची. हेलिकॉप्टर आपल्याकडे तोंड करून उभें राहिलें कीं सगळेंच उलटें होतें. आपण दांडी डावीकडे नेली कीं तें आपल्या उजवीकडे जातें. तें आपल्या अंगावर येऊं लागलें आणि घाबरून आपण दांडी पुढें लोटली, तर तें मागें न जातां दुप्पट वेगानें अंगावर येतें.

आमचें तसेंच झालें. नातू ओरडला, "आजोबा, मागें ओढा!" सदतीस वर्षांच्या गणितानें ऐन वेळीं विचारलें कीं, मागें म्हणजे कोणाच्या मागें? तोंवर हेलिकॉप्टर आमच्या डाव्या अंगानें जाऊन बांधावर आदळलें. पातीं मोडलीं, मधला दांडा वांकला, शेपटीची नळी दुमडली. चार चेंडूंपैकीं एक घरंगळत येऊन आमच्या पायाशीं थांबला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी प्रयोगशाळेंतील एक साधी परीक्षानळी फोडली असती, तर त्याला आम्ही काय बोललों असतों, हें आम्हांस चांगलें ठाऊक होतें. आणि तें सगळें ऐकून घेण्याच्या तयारीनेंच आम्ही उभे राहिलों. नातवानें बॅटरीची तार सोडविली, तुकडे गोळा केले आणि म्हणाला, "सुटे भाग मागवूं या. मग पुन्हां एकदां, आजोबा."

परततांना आम्हीं त्यास विचारलें, "तूं रागावत कसा नाहींस?" त्याला प्रश्नाचेंच नवल वाटलें. तो म्हणाला, "बाबा म्हणतात, तार तुटली तर तारेवर रागावून काय उपयोग? दुसरी लावायची, आणि पहिली कां तुटली तें बघायचें." यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं.

सुटे भाग येईपर्यंत आठ-दहा दिवस गेले. तेवढ्या अवकाशांत आम्हीं हेलिकॉप्टरचा इतिहास वाचून काढिला. सिकॉर्स्की यांचें यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंत प्रथम जमिनीवरून उठलें, तेव्हां तें दोरांनीं जमिनीशीं बांधून ठेविलेलें होतें. पण आमचें चित्त वेधिलें तें आर्थर यंग या गृहस्थांनीं. त्यांनीं १९२८ सालीं हा ध्यास घेतला आणि पुढील सुमारें तेरा वर्षें ते लहान मॉडेलेंच करीत राहिले. मॉडेल उडे, डोलूं लागे आणि आपटून फुटे. शेवटीं पात्यांशीं काटकोन करून, टोकांस वजनें लावलेली एक दांडी त्यांनीं पात्यांच्या जोडीला फिरत ठेविली, तेव्हां त्यांचें यंत्र स्थिरावलें. १९४१ सालीं ते बेल कंपनींत गेले. आणि ८ मार्च १९४६ रोजीं त्या कंपनीच्या 'बेल ४७' या यंत्रास अमेरिकेंत नागरी वापराचें प्रमाणपत्र मिळालें. असें प्रमाणपत्र मिळालेलें तें पहिलें हेलिकॉप्टर. मोठें यंत्र आधीं आणि त्याचें खेळणें मागाहून, असा आपला समज असतो. येथें खेळणें आधीं झालें. रेडिओवर चालणारें आणि खरोखर ताब्यांत राहणारें मॉडेल मात्र पुष्कळ उशिरां, १९७० च्या सुमारास, जर्मनींत डीटर श्ल्यूटर यांनीं सिद्ध केलें. नातवाच्या यंत्रावरील आडवी दांडी यंग यांच्याच कल्पनेच्या वंशांतली. तेरा वर्षें मोडके तुकडे गोळा करणाऱ्या या मनुष्याला घरचीं माणसें काय म्हणत असतील, असा विचार आमच्या मनांत आला, आणि तो तेथेंच थांबला नाहीं.

आमचा मुलगा लहानपणीं आमच्याच हाताखालीं गणित शिकला. "इतकें सोपें कसें येत नाहीं?" हें वाक्य त्यानें आमच्या तोंडून किती वेळां ऐकलें असेल त्याचा हिशेब आम्हांपाशीं नाहीं, त्याच्यापाशीं असेल. तरीहि चांगले गुण मिळवून तो इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत गेला; आणि २००१ सालीं, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, तें सोडून मिरजेस एका सतार करणाऱ्या कारागिराकडे शिकावयास राहिला. मिरजेंतील तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं ती उभी केली. देशांतील मोठमोठ्या गवई-वादकांच्या हातीं त्यांचीं वाद्यें गेलीं आहेत. हें सगळें आम्हांस ठाऊक होतें, आणि घरीं तंबोरा लागला म्हणजे आम्ही मानहि डोलवीत असूं. पण आपल्या मुलानें रंधा आणि पटाशी हातीं धरावी, हें आम्हांस सहन झालें नाहीं. "सुतारच व्हावयाचें होतें, तर शाळेची फी तरी वांचली असती," असें आम्ही चारचौघांत बोललों. एका वाक्यांत आम्हीं मुलाचा आणि एका कष्टाळू धंद्याचा असा दोघांचा अपमान केला. मुलगा उलट बोलला नाहीं. त्यानें फक्त तेव्हांपासून आमच्याशीं पावसाविषयीं बोलण्यास आरंभ केला.

शनिवारीं चिरंजीव वाईस आले. सुटे भागहि त्याच दिवशीं आले होते. बापलेक पडवींत सतरंजीवर बसले आणि आम्ही चष्मा लावून पलीकडे झोपाळ्यावर बसलों. नवा दांडा मुलानें प्रथम खिडकीच्या काचेवर लोळवून पाहिला, म्हणजे तो सरळ आहे कीं नाहीं तें कळतें. मग दोन्ही पातीं एकाच स्क्रूनें एकमेकांस जोडून, तो स्क्रू पाण्याच्या दोन पेल्यांच्या कडांवर ठेविला. तराजूप्रमाणें एक बाजू हळूच खालीं गेली. त्यानें हलक्या पात्यास टोकाशीं चिकटपट्टीचा एक तुकडा लाविला, पुन्हां पाहिलें, नखाएवढा तुकडा कापून काढिला, पुन्हां पाहिलें. दोन्ही पातीं समतोल राहिलीं. रविवारीं सकाळीं रानांत यंत्र सुरूं झालें, तेव्हां तो डोळे मिटून उभा होता. "अजून घोगरें वाजतें आहे," असें म्हणून त्यानें तें थांबवावयास सांगितलें. पाहतां एक पातें दुसऱ्यापेक्षां जरा वरून फिरत होतें. तेवढें नीट केल्यावर यंत्राचा आवाज असा एकसारखा झाला कीं आम्हांसहि तो भेद कळला. हे हात, हा कान इतकीं वर्षें आमच्या घरांतले होते, आणि आम्हीं ते प्रथमच पाहत होतों.

रिमोट आमच्या हातीं देतांना नातू म्हणाला, "आजोबा, नाक आपल्याकडे असलें कीं डावें-उजवें विसरून जा. तें जिकडे कलेल, तिकडेच दांडी न्या. पडत्या भिंतीला टेकू देतात ना, तसें."

वाचकांपैकीं कोणी कागदावर मांडून पाहील तर हा नियम बरोबर आहे असें त्यास आढळेल; आम्हीं त्या दिवशीं कागद मागितला नाहीं. यंत्र उचललें, छातीइतकें उंच नेलें आणि हळूहळू त्याचें तोंड आपल्याकडे वळविलें. तें आमच्या उजवीकडे कललें. सगळा हात म्हणत होता कीं, डावीकडे ओढ. आम्हीं दांडी उजवीकडे नेली, आणि तें सांवरलें. पुन्हां कललें, पुन्हां तिकडेच गेलों, पुन्हां सांवरलें. नातवानें मोठ्यानें आंकडे मोजले. अकरापर्यंत गेल्यावर आम्हीं घाईनें तें खालीं उतरविलें, कारण डोळ्यांत पाणी आलें होतें आणि दिसेनासें झालें होतें. उन्हामुळें असें होतें, असें आम्हीं सांगितलें. ऊन अजून गडाच्या माथ्यावरच होतें. पण दोघांपैकीं कोणीं तें बोलून दाखविलें नाहीं.

मूल आपल्याकडे पाठ करून, आपण दाखवूं त्या वाटेनें चालत असतें, तोंवर त्याचें डावें-उजवें आणि आपलें डावें-उजवें एकच असतें. आणि आपण मोठे कुशल शिक्षक आहों असा आपला समज होतो. एक दिवस तें वळून आपल्याकडे तोंड करून उभें राहतें. त्यांत त्याचा उद्धटपणा नसतो. तें फक्त मोठें झालेलें असतें. त्या वेळीं पूर्वीच्याच हातानें आपण दांडी ओढीत राहतों, तें अधिकच दूर जातें, आणि यंत्र बिघडलें असें आपण म्हणतों. तें ज्या बाजूस कललें त्या बाजूस आपण जावयाचें होतें, एवढी साधी गोष्ट आम्हांस चौदा वर्षांच्या गुरूनें सांगावी लागली.

रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर मुलगा ओटीवर सुपारी कातरीत बसला होता. पहांटेच्या गाडीनें तो पुण्यास जावयाचा होता. गाडीची वेळ विचारून झाली. पावसाचा विषय निघण्यापूर्वींच आम्हीं म्हटलें, "सतारीची जवारी काढतात म्हणतात, तें नेमकें काय करतात रे?"

अडकित्ता थांबला. थोड्या वेळानें तो म्हणाला, "अण्णा, तें सांगून नाहीं कळायचें. बघायला दोन-चार दिवस लागतील."

"पेन्शनवाल्याला कसली घाई?" असें आम्ही म्हणालों.

ज्येष्ठांत आम्ही पुण्यास त्याच्या कारखान्यांत चार दिवस राहिलों. ज्या घोडीवरून सतारीच्या तारा जातात, तिचा माथा कानशीनें अगदीं अल्प उतार देऊन घांसावयाचा. त्या उतारावर तार किती लांबवर टेकते यावर तिच्या आवाजाचा खुलेपणा अवलंबून असतो. तिसऱ्या दिवशीं एक जुनी घोडी त्यानें आमच्या हातीं दिली. आम्हीं ती घांसून इतकी बिघडविली कीं तिच्यावरील तार नुसती दबकी वाजूं लागली. आम्हीं मान वर करून त्याच्याकडे पाहिलें. त्यानें ती घोडी घेतली, उजेडांत धरून पाहिली, दुसरी आमच्यापुढें ठेविली आणि म्हणाला, "पुन्हां एकदां, अण्णा."